कापसाची गासडी आणि काचेचा मनोरा

गेल्या पावसाळ्यात कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गाला मी गेलो होतो. विषय होता, शहर आणि दलितांची घरे. चर्चा नेहमीच्या वाटेने चालली होती. बिल्डर, पुढारी, झोपडपट्टी, पुनर्वसन. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण उठला. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, आपण नुसत्या शिव्या देत बसतो. उपाय आहे. अमेरिकेत बोस्टन शहरात मोठी व्यापारी इमारत बांधणाऱ्याकडून चौरस फुटामागे शुल्क घेतात आणि त्या पैशातून गरिबांची घरे बांधतात. आपणही हीच मागणी लावून धरू." सभेला ते पटले. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला आणि त्याने सरळ विचारले, "तुम्हाला पटले नाही का?" मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

आधी माझी जागा सांगतो. कारण बोलणारा कुठे उभा राहून बोलतो हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, आत आम्ही नऊ माणसे. वडील गिरणीत रिंगखात्यात. शिवाय ज्या चाळीत मी वाढलो ती चाळच व्यापारावरच्या एका पट्टीतून उभी राहिली होती. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी परदेशातून आलेली नवलाई नाही. तो माझ्या भिंतीतला प्रश्न आहे. पण आधी बोस्टन नीट समजून घेऊ. ज्यावर टीका करायची ते प्रथम प्रामाणिकपणे मांडले पाहिजे.

१९८३ च्या अखेरीस बोस्टन शहराने एक नियम केला. एक लाख चौरस फुटांपेक्षा मोठी व्यापारी इमारत बांधायची असेल, तर त्या लाखावरच्या प्रत्येक चौरस फुटामागे ५ डॉलर घरबांधणीच्या निधीत भरायचे. ही रक्कम १२ वर्षांच्या हप्त्यांत द्यायची. या पद्धतीला तिथे 'लिंकेज' म्हणजे 'जोड' असे नाव पडले. मध्यवस्तीतली भरभराट आणि उपनगरातली वंचना यांची जोड. १९८६ मध्ये त्यात रोजगार-प्रशिक्षणासाठी आणखी १ डॉलर वाढवण्यात आला. त्याच वर्षी एका न्यायाधीशाने ही आकारणी बेकायदा ठरवली. तो निर्णय वरच्या न्यायालयात टिकला नाही आणि १९८७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदाच करून तिला आधार दिला. २०२१ मध्ये दर ठरवण्याचा अधिकार राज्याने शहराकडे सोपवला. त्यानंतर दर बरेच वाढले आणि माफीची मर्यादाही एक लाखावरून पन्नास हजार चौरस फुटांवर आली. सॅन फ्रान्सिस्को शहराने १९८१ पासूनच कार्यालयांच्या इमारतींना घरांची अट घातली होती. लॉस एंजेलिसने २०१७ मध्ये असे शुल्क आणले.

यामागचा युक्तिवाद साधा आहे. मनोरा उभा राहतो तेव्हा त्यात साहेब येतो तसा झाडूवालाही येतो, रखवालदार येतो, उपाहारगृहात ताटे धुणारी बाई येते. साहेबाच्या आगमनाने जागेचे भाव चढतात. ताटे धुणारीला त्या भावात घर मिळत नाही. म्हणजे मनोरा बांधणाऱ्याने घरांची टंचाई निर्माण केली. ती त्याने भरून द्यावी.

या युक्तिवादात एक मोठी गोष्ट आहे, ती मी मोकळेपणाने मान्य करतो. जमिनीचा भाव हा मालकाच्या कर्तृत्वाने वाढत नाही. तो रस्त्याने वाढतो, रेल्वेने वाढतो, गटार उपसणाऱ्या माणसाच्या श्रमाने वाढतो. त्या वाढीत समाजाचा वाटा आहे, हे भांडवलशाहीच्या मायदेशातील एका शहराला कायद्यात लिहावे लागले, ही लहान बाब नव्हे.

आणि हे शहराने आपखुशीने केलेले नाही. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या आणि गरीब वस्त्यांच्या लढ्याने ते करवून घेतले. नगरपरिषदेत कृष्णवर्णीय नगरसेवक ब्रूस बोलिंग यांचा त्यात पुढाकार होता. पण मुळाशी जायचे तर १९६८ च्या एप्रिलमध्ये जावे लागेल. बोस्टनच्या साउथ एंड भागात 'नवनिर्माणा'च्या नावाखाली गरिबांची घरे पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर मोटारी उभ्या करण्याचा तळ केला होता. मेल किंग या कृष्णवर्णीय नेत्याच्या पुढाकाराने लोकांनी तो तळ अडवला, तिथे तंबू ठोकले आणि काही दिवस मुक्काम केला. पोलिसांनी पकडापकडी केली. लोकांचे म्हणणे एवढेच होते: इथे आमची घरे होती, इथेच आम्हाला घरे पाहिजेत. ती मागणी पूर्ण व्हायला वीस वर्षे लागली. १९८८ मध्ये त्याच जागेवर २६९ घरांची वसाहत उभी राहिली. तिचे नाव आजही 'टेंट सिटी', तंबूंचे शहर, असेच आहे. मधल्या काळात, १९८३ मध्ये, मेल किंग महापौरपदाच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचले. त्या शहरात तिथवर पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. ते हरले. पण जोडशुल्काचा नियम त्याच वर्षीचा आहे, हा योगायोग नव्हे.

१९७२ साली आपल्या तरुणांनी आपल्या संघटनेला 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडून घेतले. नाव घेतले ते लढ्याचे. त्या लढ्याला तिथल्या सत्तेने कोणत्या तडजोडी देऊ केल्या, तेही डोळसपणे तपासणे आपले काम आहे. तंबू ठोकणाऱ्यांची मागणी जागेची होती. शहराने सर्वसाधारण नियम म्हणून जे दिले ते पैशाचे होते. या दोन गोष्टींतल्या अंतरावर माझा सारा आक्षेप उभा आहे.

पहिला आक्षेप असा की, शुल्काच्या गणिताला इतिहास नसतो. अमेरिकेतल्या न्यायालयांनी अशा आकारणीला एक कसोटी लावली आहे. बांधकामामुळे नेमके किती नुकसान होते आणि शुल्क त्याच्या प्रमाणात आहे का, हे शहराने दाखवून द्यावे. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यांसाठीच्या एका शुल्काच्या खटल्यात सांगितले की, लोकप्रतिनिधींनी सर्वांसाठी ठरवलेले शुल्कही या कसोटीतून सुटत नाही. वरवर हे न्याय्य वाटते. पण त्याचा अर्थ काय होतो? नव्या मनोऱ्यात किती नवे नोकर येतील, त्यातल्या किती जणांना स्वस्त घर लागेल, एवढेच मोजायचे. त्या जमिनीवर आधी कोण राहत होते, त्यांना कोणी हुसकले, तीन पिढ्या त्यांना चांगल्या वस्तीत घर का मिळाले नाही, हे मोजायचे नाही. हिशेब आजपासून सुरू. मागची बाकी शून्य. ज्यांचे सारे देणे मागचेच आहे त्यांनी या हिशेबाला न्याय म्हणावे काय? आपल्याकडे तर खतावणी दोन हजार वर्षांची आहे.

दुसरा आक्षेप. ही जोड दोन्ही टोकांना बांधलेली असते. मनोरा उभा राहिला तर घर. मनोरा थांबला तर घरही थांबले. पाच लाख चौरस फुटांची इमारत घ्या. १९८३ च्या दराने तिच्यावर २० लाख डॉलर बसत. तेही बारा वर्षांत, म्हणजे वर्षाला पावणेदोन लाखांच्याही आत. गरिबाचे घर असे हप्त्याने येणार. आणि २०२० च्या साथीनंतर अमेरिकेतल्या शहरांत कार्यालयांच्या जागा रिकाम्या पडू लागल्या, तेव्हा या निधीच्या झऱ्याचे काय व्हायचे? मंदी आली की गरिबाची नोकरी आधी जाते, भाडे आधी थकते. घराची गरज सगळ्यांत जास्त असते त्याच वेळी पैसा आटतो. याहून वाईट म्हणजे, बेघराने मनोऱ्यासाठी नवस बोलावा अशी ही रचना आहे. चळवळीने श्रीमंतांच्या बांधकामाला विरोध केला की, "मग तुमच्या घरांचा पैसा कुठून येणार?" हा सवाल तयार असतो.

आता मी माझ्या चाळीकडे येतो. बोस्टनच्या साठ वर्षे आधी मुंबईने हा प्रयोग केलेला आहे. १९२० साली गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. बीडीडी ही त्याचीच आद्याक्षरे. गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याची घोषणा झाली. पैसा कर्जातून उभा करायचा, आणि त्याच्या जोडीला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया पट्टी बसवायची. व्यापाराने शहरात मजूर आणला, तर व्यापाराने त्याच्या छपराला हातभार लावावा. तर्क तोच. लिंकेज हा शब्द तेवढा नव्हता.

पुढे काय झाले? खर्च वाढला, तूट आली. ५० हजारांच्या जागी साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. सिमेंटच्या, काळवंडलेल्या, मजल्याला सामाईक संडास. वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडून राहिल्या, कारण गिरण्यांपासून दूर आणि भाडे न परवडणारे. पुढे सत्याग्रहींसाठी सरकारने तिथे तात्पुरता तुरुंगही केला. ज्या इमारतीचा तुरुंग करायला फारसा बदल करावा लागत नाही, ती कामगारासाठी काय विचाराने बांधली असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

तरीही मी त्या चाळीला दोष देऊन थांबत नाही. कारण ती चाळ शहरात होती. याचे मोल आम्हाला फार उशिरा कळले. खोली कोंदट होती, पण खाली उतरले की रात्रशाळा होती, ग्रंथालय होते, चालत जाता येईल अशा अंतरावर केईएम होते, दादर होते. वडिलांची पाळी सुटली की ते पंधरा मिनिटांत घरी येत आणि उरलेला वेळ मंडळाच्या कामाला देत. याच चाळींच्या मैदानांत सभा झाल्या. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या दंगलीत पँथरला जे सोसावे लागले, तेही याच चाळींच्या अंगणात. चळवळ हवेत वाढत नाही. तिला माणसे एकमेकांना भेटतील अशी जागा लागते. त्या चाळींनी आम्हाला घर कमीच दिले. पण जागा दिली. आणि कापसाच्या गासडीवरचा रुपया वसूल करणाऱ्याच्या मनात यातले काहीही नव्हते.

म्हणून माझा तिसरा आक्षेप हा मुख्य आक्षेप आहे. शुल्क पैसा देते, जागा देत नाही. बांधणाऱ्याने मनोऱ्याच्या जागीच घरे द्यावीत असे म्हटले तर त्याला ते नको असते. शुल्क त्याला आवडते, कारण ते भरले की तो त्या माणसांपासून मोकळा होतो. घरे मग जिथे जमीन स्वस्त तिथे. जमीन स्वस्त कुठे? वेशीबाहेर. ज्या समाजाचा सारा इतिहास गावकुसाबाहेरचा आहे त्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

कोणी म्हणेल, पैसा आला की जागा विकत घेता येते. आपल्या बाबतीत हे खरे नाही. १९१७ साली बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा ते परदेशात शिकून आलेले सरकारी अधिकारी होते. पदरी पगार होता. तरी त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही हुसकले गेले. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला आहे. त्यालाही खोलीसाठी जात चोरावी लागते. आजही आडनाव विचारून खोली नाकारणारे मालक कोणत्याही शहरात भेटतील. बाजारात आपला रुपया इतरांच्या रुपयाइतका चालत नाही. म्हणून निव्वळ रुपया मिळवून देणारी योजना आपल्यासाठी अर्धीच योजना आहे.

गिरण्यांच्या जमिनीचे उदाहरण याच दृष्टीने पाहावे. १९९१ च्या विकास नियमावलीत शुल्क नव्हते, जागा होती. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. मनोरे आणि मॉल उभे करा, पण त्याच आवारात कामगारही राहील. बोस्टनच्या नियमाहून हा नियम मला अधिक मोठा वाटतो. पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, बांधकामाखालची जमीन मालकाची. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका दुरुस्तीने लोकांचा हिस्सा आकसला.

ज्या गिरण्यांत हे घडले त्या गिरण्यांत दलित कामगाराला विणखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. जास्त पगाराच्या खात्यातून जो आयुष्यभर बाहेर राहिला, त्याला गिरणी बंद पडल्यावर शहरातूनही बाहेर काढायचे. २०१२ मध्ये कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज दीड लाखाच्या घरात. २०२५ पर्यंत हाती आलेली घरे वीस हजारही नाहीत. उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये सरकारने शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखवला. लोकलने लालबागहून निघालात तर कल्याण, बदलापूर मागे टाकून पुढे. कामगार संघटनांनी नकार दिला; २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर हजारो वृद्ध कामगार आणि त्यांचे वारस जमले. वर्तमानपत्रांतून काही पांढरपेशांनी विचारले, "घर मिळते आहे तर ही माणसे अडून का बसली?" तंबू ठोकणाऱ्या बोस्टनकरांनाही असेच विचारले गेले असेल. उत्तर दोन्हीकडे एकच आहे. आम्हाला छप्पर नको आहे असे नाही. आम्हाला शहरातून घालवणारे छप्पर नको आहे.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक जुनी ओळखीची चाल दिसते. आपल्या धर्मव्यवस्थेत पापाला प्रायश्चित्त होते आणि प्रायश्चित्ताला दर होता. दक्षिणा मोजली की यजमान शुद्ध. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या विधीत कुठेच नसे. शुल्क भरून मोकळा होणारा बांधकामदार हा त्याच यजमानाचा आधुनिक अवतार होऊ शकतो. शिवाय त्या पैशातून मिळालेल्या घराला 'परवडणारे', 'सवलतीचे', 'मोफत' अशी विशेषणे लागतात आणि हक्काने मिळालेल्या वस्तूचे दान होऊन बसते. सध्या बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. मूळ रहिवाशाला पाचशे चौरस फुटांचे घर आहे. त्याचा खर्च त्याच जागेवर विकायला काढलेल्या जादा बांधकामातून निघायचा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. मला त्याचा आनंद आहे. माणसे त्याच जागी राहिली, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पण 'फुकटात घर मिळाले' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा शंभर वर्षांचे भाडे आणि तीन पिढ्यांचा घाम कोणत्या खात्यात जमा धरला, असे विचारावेसे वाटते.

मग शुल्काची मागणी करू नये काय? असे मी म्हणत नाही. नकार देऊन घरी बसणे ही आपली परंपरा नव्हे. मनोऱ्यांकडून पैसा अवश्य घ्यावा. पण मागणी मांडताना चार गोष्टी तिच्यापासून वेगळ्या होऊ देऊ नयेत. एक, आधी जागा, मग पैसा. घरे त्याच आवारात किंवा त्याच वॉर्डात. शुल्क भरून सुटण्याची वाट अपवाद म्हणून. दोन, पैसा बांधकामाच्या परवान्याबरोबर पुरता वसूल व्हावा, बारा वर्षांच्या हप्त्याने नव्हे. आणि मंदीच्या काळात सरकारी तिजोरीने त्याची जागा घ्यावी, कारण घर ही राज्याची जबाबदारी आहे, बिल्डरच्या तेजीची नव्हे. तीन, घरे देताना या जमिनीवरून कोण उठवले गेले याची यादी आधी तयार व्हावी आणि त्यांचा क्रम पहिला असावा. चार, त्या निधीचा हिशेब ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्या हातात असावा; वस्तीतली माणसे त्या मंडळावर शोभेपुरती नव्हे, बहुमताने असावीत.

आपल्या लेखकांनाही यात काम आहे. दलित साहित्याने झोपडीचे दुःख लिहिले, चाळ लिहिली. पण झोपडी त्या ठिकाणी का पडली, जमिनीचा नियम कोणी, कोणत्या रात्री बदलला, हे अजून आपल्या कथेत यायचे आहे. विद्रोह कागदपत्रांपर्यंत पोहोचला पाहिजे. नियमावलीचे कलम वाचता येणे हीदेखील साक्षरताच आहे.

त्या तरुण मित्राला मी आता सांगेन: तू बोस्टनचे नाव घेतलेस ते चांगले केलेस. पण बोस्टनकडून दर शिकू नकोस, तंबू शिक. दर पाच डॉलर असो की पंचवीस, तो ठरवणारे टेबल त्यांचे असते. तंबू जिथे ठोकला गेला तिथे मात्र आज २६९ घरे आहेत. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना तुझ्या वॉर्डाचा विकास आराखडा घेऊन ये. कोणती जागा कोणाची होती, हे जुन्या माणसांना विचारून आपण त्यावर खुणा करू. टाळी मी त्या दिवशी वाजवीन.